निरोप देत नाही

धुरावर मासे सुकवण्यात अराबा एसुओनचं आयुष्य गेलं. तिचे डोळे कायम लाल असत, पण त्या दिवशी ते धुराने लाल झालेले नव्हते.

फांते लोकांच्या किनाऱ्यावरच्या तिच्या गावात संसदेची एक समिती आली होती. मोठे ट्रॉलर समुद्र खरवडून नेतात, त्याची गाऱ्हाणी ऐकायला. रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना आधी पाणी दिलं, मग गावातली थोरली म्हणून अराबानेच येण्याचं कारण विचारलं. पाणी पिऊन अध्यक्ष म्हणाले, "तुमचं ऐकायला आलोय, आजी."

आणि मग स्वतःच बोलत सुटले. सरकारने काय काय केलं ते सांगून झालं, फोटो झाले. अराबा बोलायला उठली तेव्हा ते घड्याळ बघत म्हणाले, "जेवण खोळंबलंय. निरोप द्या, आजी."

यजमानाने निरोप दिल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नाही, अशी तिथली रीत. आजवर कोणा यजमानाने निरोप नाकारला नव्हता.

"नाही देत," अराबा म्हणाली. "ऐकायला आलोय म्हणालास, आमचं पाणी प्यायलास. काय ऐकलंस?"

अध्यक्ष हसले. बाकी कोणीच हसलं नाही.

"खाली बस. तुझं जेवण गार झालं तर होऊ दे. आमच्या चुली वर्षभर गारच आहेत."