चाळीस फिरंगी आणि एक आंबा

माझ्या सासऱ्यांच्या खापरपणजोबांनी चाळीस फिरंगी कापले, असं मी एकदा छापून प्रसिद्ध केलं, आणि त्याचा थकवा मला अजून आहे.

दोष काळाचा. (माणसानं आधी काळाला दोष द्यावा, काळ उलटून बोलत नाही.) तीस सालच्या आगेमागे आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकांची साथच आली होती. रेवसला मुंबईची बोट लागली की उतरणाऱ्या दर तिसऱ्या माणसाच्या पिशवीत एक तरी निघे. त्या पुस्तकांच्या तीन जाती. पहिली, सरहद्दीवरच्या गावांची. त्यांत गावावर दर दहा पानांनी हल्ला होई. दुसरी, लढवय्यांची. त्यांत वीर पहिल्याच पानावर घायाळ होई आणि शेवटच्या पानापर्यंत तसाच लढे. तिसरी साधुमहंतांची, त्यांत कुणीही साधेपणानं जन्मत नसे. मी अलिबागच्या मराठी शाळेत मास्तर. दिवसभर पाढे आणि संध्याकाळी ही पुस्तकं. वाचून वाचून एक दिवस मला वाटलं, अरे, हे तर मलाही लिहिता येईल!

तिन्ही जाती एकाच पुठ्ठ्यात बांधायच्या असं मी ठरवलं. सरहद्दीचं गाव आयतंच होतं: माझी सासुरवाडी, नागाव. खाली रेवदंड्याला एके काळी फिरंग्यांचा (म्हणजे पोर्तुगिजांचा) कोट, वर आपला मुलूख, मधे हे. महंतही होते. गावच्या मठातले महाराज ऐंशीच्या घरातले होते आणि अंगानं ठणठणीत. फक्त वीर तेवढा मिळेना.

"आबांना विचारा की," ही म्हणाली. (ही म्हणजे माझी बायको.) "त्यांच्या पेटीत कसला तरी जुना कागद आहे म्हणे."

आबा म्हणजे माझे सासरे. नारळी-सुपारीची वाडी राखणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. पहाटे उठून रहाटाला रेडा जुंपायचा आणि सुपारीला पाणी सोडायचं, एवढंच त्यांचं राजकारण. त्यांनी पेटीतून कागद काढून माझ्या हातात दिला. कागद मोडीत होता.

"मोडी येतं ना तुम्हाला, जावईबापू?"

"मोडी? तोंडपाठ!" मी म्हणालो. (मला मोडी परीक्षेपुरतं येत होतं आणि परीक्षा होऊन नऊ वर्षं झाली होती.)

दोन दिवस झटून मी एक ओळ लावली. 'रामजी याणे वाडीत फिरंगी कलम चाळीस के', आणि पुढचं अक्षर कसरीनं खाल्लेलं! ते मी उदार मनानं भरलं: 'केले'. खाली 'सरकार खुश होऊन शेला दिला' एवढं स्पष्ट होतं. मागचं पान दमट हवेनं पुढच्याला चिकटलं होतं. ते मी सोडवलं नाही. आणखी काय हवं होतं? फिरंगी चाळीस, कलम केले! माझ्या अंगावर काटा आला.

"मामा," मी ओरडलो, "तुमच्या रामजींनी चाळीस मुंडकी उडवली!"

आबांनी विचारलं, "कुणाची?"

"फिरंग्यांची!"

"काय सांगता! आमच्याकडे तर कोंबडी कापायलासुद्धा बाहेरचा माणूस लागतो."

त्या एका ओळीवर मी बासष्ट पानं लिहिली. रामजीला घोडा दिला, भवानी तलवार नको म्हणून नुसतीच तलवार दिली, छातीवर तीन वार दिले. रणभूमीला नेमकी जागा लागते, म्हणून लिहून टाकलं: 'वाडीत आज जिथे जुना आंबा उभा आहे, त्याच जागी रामजीनं पहिला फिरंगी लोळवला.' (आंबा मला झोपाळ्यावरून समोर दिसत होता, एवढंच त्याला कारण.) महाराजांवरच्या प्रकरणात मी त्यांना खाडीच्या पाण्यावरून चालवलं.

पुस्तक छापून आलं आणि आबा बदलले.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मिशा राखल्या. दुसऱ्या आठवड्यात रहाटावर जाणं सोडलं. म्हणे वीराच्या वंशजानं रेड्यामागे फिरू नये. तिसऱ्या आठवड्यात शेजाऱ्याची म्हैस वाडीत शिरली, तर हा माणूस, ज्यानं जन्मात कुणाला 'अरे' म्हटलं नव्हतं, तो कुंपणावर उभा राहून गरजला, "याद राखा! आम्ही चाळीस कापलेत!"

"म्हशी?" शेजाऱ्यानं विचारलं.

कोर्लईच्या फिरंगी वंशाच्या ख्रिस्ती वाड्यातून सांतान पाववाला यायचा. सायकलला पावाची टोपली लावून वीस वर्षं नेमानं यायचा. त्याला बघितलं की आबा आता आत जाऊन बसत. एकदा त्यानं गाठलंच. "आबा, पाव नको काय? माझा काय चुकला काय?"

आबा खाली मान घालून म्हणाले, "तुझं नाही रे. तुमच्या चाळीस जणांचं ऐकून वाईट वाटतं."

"कोन चाळीस?" सांतान घाबरून घरी गेला आणि त्यानं आपल्या वाड्यातली माणसं मोजली. सगळी होती.

इथवर मला मौज वाटत होती. एका रविवारी नागावला गेलो, तर आबा म्हणाले, "जावईबापू, रामजींचा चौथरा बांधायचा ठरवलाय. वर पाटी, पाटीवर तुमचा मजकूर. पाडव्यानंतरच्या सोमवारी महाराजांच्या हस्ते पूजा."

"वा! कुठे?"

"कुठे म्हणजे? तुम्हीच लिहिलंय की. आंबा आहे तिथे. त्या दिवशी आंबा तोडायचा."

तो आंबा म्हणजे वाडीचा जीव! सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या, आमरसाची पातेली, अंगणातली सावली, सगळं त्याच्यावर चाललेलं. आणि तो मी मारत होतो, एका वाक्यात, झोपाळ्यावर बसून!

"मामा, चौथरा जरा बाजूला घेतला तर?"

"इतिहास बाजूला कसा घ्यायचा?" आबा म्हणाले. खरं सांगायचं धैर्य मला नव्हतं.

वाडीत धाकू म्हणून म्हातारा गडी होता. त्यानं मला आंब्याच्या बुंध्याशी नेलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर साल जाड होऊन वळ उठला होता. त्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मास्तर, ह्यो झार कलमी हाय. ह्यो जोड बगा. मानसाच्या हातानं लावलेला हाय. ह्याला तोरू नका."

"बरं बरं," मी म्हणालो. (सगळा इतिहास माझ्या नाकासमोर उभा होता, आणि मी म्हणालो, बरं बरं!)

सोमवारी सारा गाव वाडीत लोटला. झाडावर कैऱ्यांचे घोस लटकलेले. दोन लाकूडतोडे कुऱ्हाडींना हळदकुंकू लावून बसलेले. सासूबाई बुंध्याला पाठ टेकून विळीवर कैऱ्या चिरत होत्या.

"अगं, ऊठ तिथून," आबा म्हणाले. "मुहूर्त टळेल."

"टळू दे. तुमचा वीर होऊन गेला. माझं लोणचं अजून व्हायचंय."

"लोक बघताहेत!"

"बघू देत. कुऱ्हाड चालवायची तर माझ्यावरून चालवा. चाळीस झाले, एकेचाळिसावी मी."

माझ्या बायकोनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी कुठल्याच प्रकरणात करू शकलो नसतो.

वेळ मारून नेण्यासाठी कुणीतरी म्हणालं, आधी मूळ कागद महाराजांनी वाचून दाखवावा. आबांनी तो तबकात घालून पुढे केला. मला एकदम आठवलं, की महाराजांचा जन्म मोडी वाचण्यात गेला होता. मी हळूच सुपारीच्या ओळींकडे सरकलो. हिनं माझ्या कोटाची बाही धरली.

महाराजांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "रामजी याणे वाडीत फिरंगी कलम चाळीस..." ते थांबले. मग बोट ओलं करून त्यांनी चिकटलेलं पान अलगद सोडवलं आणि खणखणीत आवाजात पुढे वाचलं, "पैकी अठ्ठावीस जगले. बारा वाळले."

दुरून समुद्र ऐकू येऊ लागला.

"मुंडकं उडवल्यावर अठ्ठावीस जगले?" शेजारी म्हणाला.

महाराज वाचतच होते. "फळ उत्तम. रस दाट, कोय लहान. उन्हाळ्यात पाणी घालणेस एक माणूस जास्त द्यावा." त्यांनी कागद खाली ठेवला. "मास्तर कुठे आहेत?"

हिनं मला पुढे ढकललं.

"अहो, ही आंब्याची कलमं! फिरंग्यांकडची विद्या शिकून या रामजीनं चाळीस कलमं बांधली. माणूस माळी होता, माळी! आणि हेही सांगतो, मी खाडी तरीच्या होडीतून ओलांडली. तरवाला अजून जिवंत आहे, विचारा त्याला."

मग जो हशा उठला तो मी आयुष्यभर ऐकतो आहे. लाकूडतोडे हसले. सांतान पाववाला सायकलीला टेकून हसला. त्याच्या अंगावरून मोठंच ओझं उतरलं होतं. धाकू तेवढा हसला नाही. तो जाऊन आंब्याच्या जोडावर हात ठेवून उभा राहिला.

आबाही हसले नाहीत. आता आपली शोभा होणार म्हणून मी मान खाली घातली. पण ते सावकाश आंब्याजवळ गेले, धाकूच्या हाताशेजारी आपला हात ठेवला, आणि वर कैऱ्यांकडे बघत राहिले.

"अठ्ठावीस जगवले," ते स्वतःशीच म्हणाले. "हातानं पाणी ओढून." मग लाकूडतोड्यांकडे वळले. "कुऱ्हाडी ठेवा बाबांनो. जेवून जा."

सासूबाई विळीवरून उठल्या नाहीत. "पानं तेवढी मांडा," म्हणाल्या. "चटणी झालीच."

जेवणं झाल्यावर मी आबांना ओसरीवर गाठलं. "मामा, माझी चूक झाली. फार मोठी."

"झाली खरी," ते म्हणाले. मग सुपारी कातरायला घेतली. "पण एक सांगतो. दोन महिने मला नीट झोप नव्हती. चाळीस जणांना मारणाऱ्याच्या कुळातला मी, हे काही पचत नव्हतं. त्या सांतानच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आता बरं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी मिशा गेल्या आणि आबा रहाटावर परतले. उरलेली पुस्तकं मी माळ्यावर टाकली आणि पुन्हा म्हणून इतिहासाच्या वाटेला गेलो नाही. मला वाटलं, विषय मिटला.

पुढे वर्षभरानं चौलला एका लग्नात आबांनी मला त्यांच्या कुणा पाहुण्याशी भेटवलं. "हे आमचे जावई. पुस्तकं लिहितात."

"असं? कसली?"

"इतिहासाची."

पाहुणे सावरून बसले. "वा! म्हणजे सगळं खरंखुरं लिहीत असतील?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मांडवाच्या छताकडे पाहिलं, आणि अत्यंत प्रेमानं म्हणाले, "स्वभावानं फार चांगले आहेत."