अडलेला शब्द

आज दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. "आबा, सांगायचं नाही हं!" तिने दटावलं. उत्तर ठाऊक असूनही आबा चष्मा पुसत राहिले.

मुलांनो, मे महिन्यात तुम्हीही असेच माझ्याभोवती पालथे पडून पेन्सिली चावायचात. एका शब्दावरून नद्या, धान्यं, नातीगोती असं काहीबाही निघायचं आणि अख्खी दुपार सरायची.

आता दर रविवारी फोनवर मी तुम्हाला एक अडलेला शब्द विचारते. तुमच्यातला निहार लॅपटॉपवर शोधून क्षणात सांगतो, "आजी, सापडला!" आणि बोलणं संपतं.

खरं सांगते, तो शब्द मला आधीच आलेला असतो. या रविवारी शोधू नका. थोडा वेळ माझ्याबरोबर अडून बसा.