चमचाभर रक्त

तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत शालिकराम धकाते अगदी समोरच राहतात. हातमाग बंद पडल्यापासून इतवारीतल्या कापड दुकानात गाठोडी बांधतात. कोणाकडे कधी वाटीभर साखर मागणार नाहीत, असा माणूस. म्हणून दोन वर्षांपूर्वी काका हात जोडून माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मी घाबरलेच.

त्यांची नात रोशनी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या गालांवर लाल चट्टे उठायचे, सांधे दुखायचे. उन्हाचं असेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. मोठ्या दवाखान्यात ल्युपस निघाला. रोगाशी लढणारी शरीराची ताकद शरीरावरच उलटते, तो आजार. रोशनीच्या किडनीवर तो उलटला होता. पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा तपासावा लागला. तिला आत नेलं, तेव्हा काकांच्या मनगटावर तिच्या नखांचे वण राहिले होते. औषधांनी हळूहळू उतार पडला.

"अंजू, मले तुह्या सोनिकाचं चमचाभर रक्त पाहिजे," काका म्हणाले.

"काहून काका? रोशनीले चढवाचं आहे का?"

"नाही वं. रक्तात बारीक खुणा राह्यते म्हणे, मायक्रो-आरएनए. किडनीवर सूज आली का, हे त्याच्यावरून समजते का, रोशनीच्या नूपुर डॉक्टर पाहून राहिल्या. म्हणजे पाठीत सुई घालाचं काम कमी पडन. पण आजारी पोराइचं रक्त कशासोबत ताडून पाहाचं? चांगल्या पोराइचंही लागते."

"रोशनीले फायदा होईन?"

"डॉक्टरीणबाई म्हणते, आज तर नाही. पुढच्या लेकराइले होईन, झाला तर."

मी नाही म्हटलं. धडधाकट पोरीला सुई कशाला? "बरं वं बाई," म्हणून काका गेले.

सोनिकानं आतून सगळं ऐकलं होतं. ती रोशनीच्याच वर्गात. औषधांनी रोशनीचा चेहरा सुजला, पोरी हसायला लागल्या, तेव्हाही बाक न सोडणारी. म्हणाली, "तिले इतक्या सुया टोचल्या. मले एक टोचली तर काय होते?"

मी समोर जाऊन काकांना हो सांगितलं; इतर घरीही ते विचारून आले होते. शनिवारी आमच्या गल्लीतली आठ मुलं दवाखान्यात गेली. नूपुर डॉक्टरांनी प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं, "नको असेल तर नाही म्हण. कोणी रागावणार नाही." सुई बघून त्यातली रितिका खरंच नाही म्हणाली आणि बाहेर येऊन रडायला लागली. काकांनी घरून पोह्यांचा डबा आणला होता. पहिली बशी त्यांनी तिलाच दिली.

यंदा डॉक्टरांनी सगळ्या घरांना बोलावलं. किडनीचा त्रास असलेल्या मुलांच्या रक्तात काही खुणा वेगळ्या दिसल्या होत्या. "पण मुलं थोडी आहेत. दुसरीकडेही हेच दिसलं, तर पुढे तपासणी तयार होईल," त्या म्हणाल्या. रोशनीच्या गोळ्या चालू आहेत. किडनी चांगली काम करते, ती रोज शाळेत जाते.

काका बोलायला उठले. मुलांकडे वळून त्यांनी हात जोडले. "लेकराहो, तुमचे लय उपकार."

"आबा, बसा ना," सोनिका लाजून म्हणाली.

मी खाली मान घालून बसले होते. आमच्या दारी ते आले, आणि माझ्या नकारानंतरही बोलणं सोडलं नाही, हे मी विसरणार नाही. परवा त्यांनी विचारलं, उमरेडला माझ्या माहेरी असंच चमचाभर रक्त देतील अशी कोणी लेकरं आहेत का. मी लगेच भावाला फोन लावला.