उतरलेला गंधार

मुधोळच्या स्टँडवर बाबांनी माझी ट्रंक बसच्या टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "चांगला शिकून ये. मंग आपली पेटीबी पाहून देजो."

पेटी म्हणजे आमच्या भजनी मंडळाची हार्मोनियम. बाबा ती वाजवत. दिवसभर कापूस वेचून आलेली माणसं देवळात जमत आणि तिच्या सुरात गात. तिचा गंधार जरा उतरलेला होता. पण सारं गाव तिच्यामागूनच गायला शिकलेलं, म्हणून सगळ्यांचा गंधार तेवढाच उतरायचा.

हैदराबादेत वर्षभर संगीत शिकून सुट्टीत आलो आणि तो सूर कानाला खुपला. मी पेटी उघडली, आतली पितळी पट्टी घासली, गंधार नेमका केला.

संध्याकाळी भजनात कुणाचाच गळा पेटीशी जुळेना.

"काऊन रे, काय करून ठेवलं पेटीले?" मंडळातले गंगारामकाका हसत म्हणाले.

"पेटी बरोबर हाय, काका. तुमीच इतकी वर्सं बेसूर गाऊन राह्यले."

हसू थांबलं. बाबांनी भाता मिटून घेतला. पुढं मंडळ पांगत गेलं. का, ते मला ठाऊक होतं: माझ्या त्या बोलण्यामुळं. तुम्हा गावातल्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांना आज पहिल्यांदा सांगतोय.

आता मी विद्यापीठात स्वरशास्त्र आणि रचना शिकवतो, लॅपटॉपवर स्वरांची कंपनं मोजून दाखवतो. यंदा वेचणीच्या दिवसांवर एक रचना करायला घेतली. तिला तो जुना गंधार हवा होता. वर्गात गाऊन पाहिला, तर तेलुगू पोरी म्हणाल्या, "श्रुति तप्पिंदि, सार." सूर चुकला. खरंच चुकला होता. जुना गंधार नेमका किती उतरलेला, ते पट्टी घासण्याआधी मी मोजलंच नव्हतं.

शेवटी बाबांना फोन केला. जुनं भजन म्हणायला लावलं. आवाज थरथरत होता, पण गंधार आला तो अगदी नेमका. मी घासलेल्या पट्टीवरचा.

"बाबा, तुमचा असा नव्हता."

"तू चूक हाय म्हनला होता न. घरी बसून सुदारला मंग. लय वर्सं लागले बाप्पा." मग त्यांनी विचारलं, "आता बरोबर हाय न?"

मी हो म्हणालो.

घर म्हणजे मला आता तेवढंच अंतर वाटतं, बरोबर सुराच्या किंचित खाली, जिथं आपण सगळे मिळून चुकत होतो. तुमच्यापैकी कुणाच्या गळ्यात तो गंधार राहिला असेल, तर कळवा. मी येतो. मागं बसेन, टाळ धरीन.