पडद्याआतली बाई

आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचे, मग त्यांवर फुंकर मारायची, आणि मग समोरच्या बाईकडे न बघता म्हणायचं, "माफ करा हं." काकूंची प्रत्येक तपासणी अशी सुरू व्हायची. समोर सुदानची बाई असो, मनिलाची असो नाहीतर आपली डोंबिवलीची, "माफ करा हं" मराठीतच. एकदा मी म्हटलं, काकू, त्यांना काय कळणार? तर म्हणाल्या, "त्यांना नाही कळलं तरी चालेल. मला कळलं की झालं."

विमानतळावरची बायकांच्या तपासणीची ती पडद्याची खोली तुम्हीही पाहिली असेल. आपण हात पसरून उभ्या राहतो आणि गणवेशातली एक बाई आपल्या काखेपासून घोट्यापर्यंत हात फिरवते. तिचा चेहरा कुणाच्या लक्षात राहतो का? आपण छताकडे बघत असतो. तीही आपल्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघत असते. आमच्या काकू भिंतीकडे बघणाऱ्यांतल्या.

मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी शारजात आले आणि एका सिक्युरिटी कंपनीत लागले. कंपनीचं कंत्राट विमानतळावर, एका विमान कंपनीच्या गेटपाशी. काकू तिथे माझ्या आधीपासून होत्या; नात्याच्या नव्हेत, सगळ्याच त्यांना काकू म्हणायचो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. हे मी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगते, तुम्हालाही सांगितलं. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची, त्यामुळे मला तो निळा गणवेश म्हणजे बढतीच वाटली. काकूंना तसं कधी वाटलं नाही. यजमान स्टोअरकीपर, घर गुहागरकडचं, नावाजलेलं. त्या घरची सून परक्या बायकांच्या अंगाला हात लावते, बुटांत बोटं घालून बघते, हे तिकडे कुणाला ठाऊक नव्हतं. घरी सांगितलेलं एवढंच, की एअरपोर्टवर ऑफिसात काम आहे. सासूबाईंनी त्यात आपली भर घालून वाडीभर सांगितलं होतं, की आमची सून कॉम्प्युटरवरून विमानं सोडते. वाडीतल्या एकाचं दुबईचं विमान पाच तास उशिरा सुटलं, तर तो सासूबाईंकडे तक्रार घेऊन आला होता. हे सांगताना काकू हसायच्या, पण ड्युटी सुटली की टॉयलेटमध्ये जाऊन साडी नेसल्याशिवाय बसमध्ये चढायच्या नाहीत.

मग न्यूयॉर्कचे टॉवर पडले तो सप्टेंबर आला. दोन महिन्यांत अमेरिकेने विमानं आणि विमानतळांच्या सुरक्षेचा नवा कायदा केला. कायदा तिकडचा, पण आमची विमान कंपनी अमेरिकेच्या प्रवाशांची पुढची तिकिटंही काढायची, म्हणून तिने आपल्या सगळ्याच विमानांना नियम कडक केले. बूट काढा, अंबाडा चाचपा, कात्री, सुई, नेलकटर काढून घ्या. एक्स-रे मशीनवर बसायला परीक्षा सुरू झाली. ती मी पास झाले. काकू बसल्याच नाहीत, त्यांच्याकडे पडदाच राहिला.

इंग्रजी सर्क्युलर वाचून सगळ्यांना हिंदीत समजावण्याचं काम माझं. पॅन्ट्रीत चहा घेता घेता मी सांगितलं आणि वर पेपरात वाचलेलं जोडलं, की तिकडे आता हे काम खासगी कंपन्यांकडून काढून सरकारने स्वतःकडे घेतलंय.

काकूंनी कप खाली ठेवला. "सरकारी म्हणजे? पर्मनंट?"

"सरकारी म्हणजे सरकारी."

"पेन्शन?"

"असेल की."

"आणि काम हेच? पडद्यातलं?"

हेच, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या नारळाच्या वड्या घेऊन आल्या. कशाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "तिकडच्या बायका सरकारी झाल्या ना." आम्ही हसून बेजार. कधी न पाहिलेल्या बायकांच्या नोकरीच्या वड्या आम्ही शारजात खाल्ल्या. पण त्या दिवसापासून काकूंची मान जरा वर आली. नव्या मुलीला काम शिकवताना आवर्जून सांगायच्या, "तिकडे हे सरकारी आहे हं." आणि वर्षभराने एकदा मला हळूच म्हणाल्या, "सासूबाई येतायत व्हिजिटवर. त्यांना सांगणार आहे. फोनवर नको, समोर बसून."

सासूबाई आल्या. रोज सकाळी मी विचारायची, सांगितलं का? काकू म्हणायच्या, "आज सांगते." मी म्हणायची, इन्शाल्ला. एक दिवस सासूबाईंचा उपास निघाला, एक दिवस गुडघा धरला, एक दिवस शेजारची मल्याळी बाई बसायला आली. काकूंचा मुलगा इथल्या शाळेतला, तो जेवताना म्हणाला, "मॉम, जस्ट टेल हर. इट्स अ जॉब." त्याला टेबलाखालून चिमटा बसला. एकदा काकूंनी धीर करून सुरुवात केली, की अमेरिकेत एक कायदा झालाय. सासूबाई म्हणाल्या, "होईना. त्यात तुझं काय? ताक वाढ." तिथेच खलास.

एका शुक्रवारी काकूंनी मला जेवायला नेलं, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. सासूबाई चटईवर पाय पसरून अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. मी बी.कॉम. आहे हे त्यांना सांगून झालं. त्या म्हणाल्या, "आमची सून शिकली नाही गो तुझ्याएवढी, पण साहेबांना तिच्याशिवाय चालत नाही." काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत.

सासूबाईंच्या जाण्याच्या दिवशी काकूंनी रजा मागितली होती. आदल्या दिवशी ती रद्द झाली, माणसं कमी होती म्हणून. काकूंनी घरी सांगितलं, वर ऑफिसात मीटिंग आहे, खाली उतरता येणार नाही. यजमान सोडायला आले आणि बाहेरूनच परत गेले. पडद्यामागे दुसरी एक मुलगी होती, ती चहाला गेलेली. काकूंच्या जागी मी उभी राहिले असते, पण परीक्षेशिवाय त्यांना मशीनवर बसता येत नव्हतं.

ते सार्सच्या भीतीचे दिवस होते. आम्हा सगळ्यांच्या तोंडाला मास्क, हातात मोजे, डोक्यावर टोपी. सासूबाईंनी चष्मा ट्रेमध्ये ठेवला, वहाणा ठेवल्या आणि चाचपडत पडद्याआड गेल्या. मी हाताच्या अंतरावर मशीनपाशी होते.

कमरेशी डिटेक्टर वाजला. मग काकूंचा आवाज आला, सपाट, हिंदीत. त्या दिवशी "माफ करा हं" नव्हतं.

"अम्मा, कमर में क्या है?"

"चंची आहे गो. पानाची."

"और अंदर?"

"अडकित्ता. आमच्या यजमानांचा. पेटीत टाकायचा राहून गेला."

"ये नहीं जाएगा."

बाहेरच्या पहिल्या तपासणीत बांगड्या वाजल्या असं समजून त्यांना सोडलं होतं. सासूबाई विनवू लागल्या. मग त्यांचा आवाज चढला. "माझी सून इथंच आहे, वर हापिसात. मोठ्या हुद्द्यावर आहे. तिला बोलवा, ती सांगेल तुम्हाला."

मी पट्टा थांबवला.

"इधर ऐसा कोई नहीं है, अम्मा," काकू म्हणाल्या. "मैं सबको पहचानती हूँ. ऐसा कोई नहीं है."

मला तिथे असल्याचीच लाज वाटायला लागली. कान कुठे ठेवावेत कळेना. मग जप्तीच्या डब्यात लोखंड पडल्याचा आवाज आला.

सासूबाई बाहेर आल्या. चष्मा पदराला पुसून डोळ्यांवर चढवला, माझ्या मास्ककडे निरखून पाहिलं. "तूच ना गो ती, बी.कॉम.?"

मी मान हलवली.

पडद्याकडे न वळता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आतल्या बाईला सांग, ओट्यावर भात आणि बिरड्याची उसळ झाकून ठेवलीय. सकाळपासून उभी असेल. गरम करून खा म्हणावं."

आणि जाऊन गेटसमोरच्या खुर्चीत बसल्या, आमच्याकडे पाठ करून.

मी पडदा सारून निरोप जसाच्या तसा सांगितला. काकू स्टुलावर बसल्या होत्या. म्हटलं, अजून बोर्डिंगला वेळ आहे, जा, मी बघते इथलं.

"कशी जाऊ?"

"पायांनी. वीस पावलं आहेत, काकू."

त्यांनी मास्क वर ओढला, पार डोळ्यांखालपर्यंत. "पुढची पाठव," म्हणाल्या.

पुढची गेली, तिच्या पुढची गेली. बोर्डिंग सुरू झालं तेव्हा सासूबाई एकदा उठून पडद्याच्या दिशेने तोंड करून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि रांगेत शिरल्या. खुर्ची रिकामी झाल्यावर काकूंनी पडदा बाजूला करून ती बघितली.

पुढे त्यांनी कार्गोत बदली मागून घेतली. तिथे खोकी तपासायची असतात, माणसं नाहीत. नंतर यजमानांबरोबर रास अल खैमाला गेल्या, आणि आमचं भेटणं संपलं. सासू-सुनेचं त्यावर कधी बोलणं झालं का, मला माहीत नाही. विचारायचं धाडस, माझ्यासारख्या फटकळ बाईलाही, झालं नाही.

मला आठवते ती सासूबाई गेल्या त्याच दिवसाची संध्याकाळ. बस लागली होती, ड्रायव्हर यल्ला यल्ला म्हणत घाई करत होता. घरी ओट्यावर भात झाकून ठेवलेला, आणि काकू सुपरवायझरच्या दारात उभ्या होत्या, पुढच्या शिफ्टला कुणी कमी आहे का विचारत. रजिस्टरवरून मान वर न करता तो म्हणाला, "नहीं सिस्टर, आज सब आ गए. घर जाओ."

त्या तिथेच उभ्या राहिल्या.