इंदूचं कुंकू

इंदू गेली हे मला भिंतीपलीकडून कळलं. तिची सासू पार्वतीबाई हाका मारत होती, "इंदे, उठ गो, चाय ठेव..." आणि मग तिचा आवाजच फाटला. मी गेले तेव्हा इंदू गार पडली होती. आठवडाभर ताप होता. आमच्या घाटकोपरच्या चाळीतल्या बायका जमल्या आणि रडणं आटपायच्या आतच प्रश्न निघाला, साडी हिरवी नेसवायची की पांढरी? इंदूचा नवरा जिवंत आहे की मेला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो बोटीवर खलाशी होता. लग्नानंतरचा पहिला शिमगा झाल्यावर गेला, तो परत आलाच नाही. सोबतचे लोक सांगत आले, कुठल्याशा बंदरात उतरला आणि पुन्हा बोटीवर चढला नाही. पळाला तो, पण बोल लागला इंदूला. नळावर बायका तोंडावर म्हणायच्या, "नवऱ्याला घराची ओढ लावता आली नाही ना गं तुला?" आणि पूजेला सवाष्ण कमी पडली की त्याच बायका हिला बोलवायला यायच्या. कपाळावर कुंकू होतं ना! इंदू जायची, ओटीतला नारळ घरी आणून सासूला त्याची आमटी करून घालायची. दिवसभर लोकांचे मसाले कुटायची, त्यावर दोघींचं घर चालायचं. मी विधवा. मला कुणी बोलवत नसे, तेवढी माझी सुटका होती. तिची तीही नव्हती.

नवा कायदा आला तेव्हा तिचा भाऊ भांडुपहून आला. "टाकून गेलेल्या नवऱ्याशी काडीमोड घेता येतो आता. माझ्या ओळखीत एक माणूस आहे, बिजवर आहे, पण सरळ आहे. चल." इंदूनं पिशवी भरली. मी दारात उभी होते, मनात म्हटलं, जा बाई एकदाची. पार्वतीबाईला तेव्हाच दिसेनासं झालं होतं. ती जागची हलली नाही. म्हणाली, "जा गो. पण कपाळ पुसून जा. मगे माझो झील मेलो असा समजतंय नि रडान घेतंय."

इंदूचा हात कपाळापर्यंत गेला... आणि खाली आला.

"मी पुसलं तर हिचा मुलगा मरतो, काकू," ती मला म्हणाली.

"मरू दे मेला. तू जग," मी म्हटलं.

भाऊ तणतणत एकटाच गेला. म्हातारीला दुष्ट म्हणावं, तर तिच्याकडे मुलाचं दुसरं उरलं तरी काय होतं?

इंदू गेली त्या दिवशी साडीचा निकालही म्हातारीनंच दिला. "हिरवी नेसवा. माझो झील आसा." बायकांनी मळवट भरला, ओटी भरली, इंदूच्या पाया पडल्या. नळावर टोमणे मारणारीच एक म्हणाली, "भाग्याची हो, अहेव गेली." मी उंबऱ्याबाहेर. अशा वेळी विधवेनं पुढे व्हायचं नसतं.

आता म्हातारीला सकाळचा चहा मी नेऊन देते. तिला हल्ली भान राहत नाही. इंदूचा करंडा फळीवर होता तिथंच आहे. कप हातात घेण्याआधी ती रोज विचारते, "इंदे, कुंकू लायलंस मां?" पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अगो, मी शेजारची." तशी तिनं कप लोटून दिला, चहा सगळा अंगावर सांडला. तेव्हापासून मी, या माझ्या मोकळ्या कपाळानं, सांगते, "लावलं."

मग ती चहा पिते.