मार्थाआत्याच्या अंगणातलं ऊन

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. माझं कामच आकड्यांचं. सोलर प्लांट सांभाळणाऱ्या कंपनीत मी आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून कुठल्या भागात जमिनीपर्यंत किती ऊन पोचलं, याचा दर अर्ध्या तासाचा डेटा आमच्याकडे येतो... तो तपासायचा.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. कोपरगावात रविवारची उपासना आटोपून दुपारी मार्थाआत्याला फोन केला. वडिलांची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अकोले तालुक्यात एकटी राहते. चार-पाचदा लावला, उचलेना. शेवटी गाडी काढली.

पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. आत्या अंगणात आडवी! खुब्याचं हाड मोडलेलं. वर मांडव नाही, जवळ झाड नाही. फरशी इतकी तापलेली की मला गुडघा टेकवेना. तिचा हात धरला, तर गार.

"कधी पडलीस?"

"बारा वाजता. दोरीवरचे कपडे काढाया आल्ते."

म्हणजे साडेतीन तास...

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं : ताप नाही, कातडी कुठे भाजलेली नाही. "सावलीत होत्या ना?"

आत्याच म्हणाली, "व्हय, लई दाट सावली हुती. मला वाटलं, आभाळ आलं."

शेजारच्या काकू त्या दिवशी मिरच्या वाळत घालून शेतात गेल्या होत्या. त्यांना विचारलं. "एक ढग न्हवता," त्या म्हणाल्या, "कडक ऊन हुतं."

पुढच्या आठवड्यात ऑफिसात त्या गावाचा डेटा काढला. बारा ते साडेतीन — ऊन एकदम खाली, पावसाळ्यात आभाळ भरून आल्यासारखं. आजूबाजूचा भाग स्वच्छ. डेटा पुरवणाऱ्यांना मेल केला. उत्तर आलं : उपग्रह ठीक आहे, तिथे ढग दिसतोय.

पण डेटातला एक चौकोन म्हणजे चार-पाच किलोमीटर. मग अख्ख्या गावावर सावली हवी होती! मिरच्या तर वाळल्या.

आत्या आता काठी घेऊन चालते. काकू म्हणतात, प्रभूनं छाया धरली. आत्याला विचारलं तर म्हणाली, "मी तर प्रार्थना बी केली न्हाई रे. 'कुनीतरी या' म्हनून वरडले, मग डोळा लागला."

सहकारी म्हणतो, प्रोसेसिंगची चूक. असेल. पण नेमकी त्याच वेळात? चुकीच्या नोंदींवर खूण करून त्या बाद करायच्या, यासाठीच मला पगार मिळतो. त्या सात नोंदींपुढे खूण करायला अजून हात धजावलेला नाही.